आम्ही गाडी चालवतो, ते राइड करतात

महाराष्ट्रात दुचाकीवर बसणारी बहुतेक माणसं गाडी चालवतात. कामावर जातात, मुलांना शाळेत सोडतात, हँडलला भाजीची पिशवी अडकवून घरी येतात, आणि यात आपण काही विशेष केलं असं त्यांच्या मनातही येत नाही. या अफाट गर्दीत काही मोजके लोक मात्र गाडी चालवत नाहीत. ते राइड करतात. त्यांना अस्सल रायडर म्हणतात, म्हणजे निदान ते एकमेकांना तसं म्हणतात. हा प्राणी पुण्यात, ठाण्यात आणि नाशकात मुबलक आढळतो. वय पस्तीस ते पंचेचाळीस, नोकरी हिंजवडीकडची किंवा ऐरोलीकडची, हप्ते दोन, एक फ्लॅटचा आणि एक गाडीचा. त्यातल्या दुसऱ्याचा घरी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा जरा कमी असतो. सोमवार ते शुक्रवार हे गृहस्थ कंपनीच्या बसने जातात, कारण ट्रॅफिकमध्ये गाडी तापते. गाडी पार्किंगमध्ये कव्हराखाली असते. रविवारी पहाटे पाचला कव्हर निघतं, गाडी गरम करण्याचा विधी दहा मिनिटं चालतो आणि सोसायटीतल्या तान्ह्या मुलांपासून रक्तदाबाच्या पेशंटांपर्यंत सर्वांना कळतं की आज साहेब नारायणगावला मिसळ खायला निघाले आहेत. साडेअकराला ते परत येतात. पुढचे सहा दिवस त्या मिसळीचं वर्णन चालतं, आणि त्यात मिसळ फार थोडी असते.

या माणसावर माझा राग नाही. मिसळ खावी, पहाटेची हवा घ्यावी, घाटात थांबून फोटो काढावेत, यात वाईट काय? माझा आक्षेप फक्त त्या ‘अस्सल’ शब्दाला आहे, कारण तो एकटा येत नाही. बाकीच्या सगळ्यांना नकली ठरवून येतो. माझं म्हणणं असं की अस्सलपणाच्या ज्या कसोट्या हा रायडर लावतो त्या एकेक करून तपासल्या, तर त्यांतली एकही गाडी चालवण्याची कसोटी निघत नाही. कुठली पाकिटाची निघते, कुठली रजेची, कुठली कंबरेच्या मणक्यांची. आणि खरोखर गाडी चालवण्याची म्हणावी अशी कसोटी शोधायला गेलं, तर तिथे भलतीच माणसं पास झालेली दिसतात.

कसोट्यांच्या आधी एक छोटा विधी सांगायला हवा, कारण दीक्षा तिथे होते. नवी गाडी शोरूममधून घरी आली की रायडर पहिल्यांदा काय करतो? मागच्या चाकाशेजारची जाळी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती काढून टाकतो. ही जाळी कंपनीने हौसेने बसवलेली नसते. मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा अडकू नये म्हणून आडोसा असलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे. पण जाळीमुळे गाडी ‘फॅमिली’ दिसते, आणि फॅमिली दिसणं हा या पंथात मोठा कमीपणा. जाळी माळ्यावर जाते, तिच्या जागी दोन्ही बाजूंना पिशव्या येतात आणि पत्नीला कळतं की आता आपल्याला बसायला जागा नाही. ती निमूटपणे स्वतःसाठी स्कूटर घेते. या स्कूटरकडे आपल्याला पुढे यायचं आहे.

आता पहिली कसोटी, यंत्राची. अस्सल रायडर अस्सल गाडीवरच बसतो, आणि अस्सल गाडी म्हणजे नेहमी आत्ता मिळते तिच्या आधीची. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. चालू करायची तर आधी अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरची छोटी कळ दाबायची, पिस्टन किंचित पुढे ढकलायचा आणि मग मनापासून किक मारायची. हिशेब चुकला तर किक उलटी यायची आणि नडगीचा निकाल लागायचा. ज्यांनी हे भोगलं ते सेल्फ-स्टार्टवाल्यांना रायडर मानत नाहीत. म्हैसूरच्या जावा-येझदीवाले बुलेटवाल्यांना मानत नाहीत, कारण त्यांच्या गाडीत किकचा दांडाच फिरवून गिअरचा दांडा होत असे आणि एवढी हुशारी बुलेटमध्ये नव्हती. 1985 ते 1996 या काळात निघालेली यामाहाची आरएक्स-100 ज्यांच्याकडे आहे ते या दोघांनाही मानत नाहीत; अवघ्या 98 सीसीच्या त्या गाडीसाठी आज लोक अशी किंमत मोजतात की तिच्यात नवी गाडी येऊन वर हेल्मेट सुटावं. कार्बोरेटरवाले इंजेक्शनवाल्यांना हसतात आणि इंजेक्शनवाले विजेच्या गाडीवाल्यांना. म्हणजे या कसोटीवर पास होण्याचा खात्रीचा मार्ग एकच, लवकर जन्माला येणं.

गंमत अशी की ज्या बुलेटवरून हे सारं माहात्म्य सुरू झालं ती हौशी माणसासाठी इथे आलीच नव्हती. 1950च्या दशकात सरकारने ती सैन्यासाठी मागवली, सीमेवरच्या गस्तीला चालेल अशी गाडी म्हणून. 1955 साली मद्रासला कंपनी निघाली आणि तिथे जुळणी सुरू झाली. तिच्यावर पहिल्यांदा बसलेला जवान राइडला निघाला नव्हता, ड्यूटीवर निघाला होता. त्याला परतून आल्यावर अनुभवकथन करायचं नव्हतं, फार तर वहीत नोंद करायची होती. हार्लेची कथा आणखी मजेची. 2007 साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं आणि त्याच सौद्यात भारताने हार्ले-डेव्हिडसनला दार उघडलं. लासलगावच्या केंद्रात विकिरण होऊन हापूस आणि केसर तिकडे रवाना झाले आणि तिकडून स्वातंत्र्य, बंडखोरी, मोकळा रस्ता वगैरे इकडे आलं. बंडखोरीच्या या आयातीत कोकणच्या आणि तलालाच्या बागायतदारांचा वाटा आहे, हे कुठल्याही हार्लेवाल्याच्या जॅकेटवर शिवलेलं मात्र मी पाहिलेलं नाही.

दुसरी कसोटी उंचीची, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पदव्या या विद्यापीठाने वाटल्या आहेत. लडाखला जाऊन आल्याशिवाय रायडर पक्का होत नाही. लेहहून खार्दुंग ला गाठायचं, खिंडीतल्या पिवळ्या पाटीपाशी उभं राहायचं, पाटीवरचा 18,380 फूट हा आकडा नीट दिसेल असा फोटो काढायचा. वर्षानुवर्षं हा आकडा जॅकेटवर, टँकवर आणि काहींच्या दंडावर कोरला गेला. पुढे उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी झाली तेव्हा खिंडीची उंची 17,582 फुटांच्या आसपास निघाली. जवळजवळ आठशे फूट, म्हणजे पर्वती पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढलो तरी भरून येणार नाही इतके, रायडरांच्या हिशेबातून एकदम वजा झाले. दंडावरचं काही वजा होईना. तोवर 2021मध्ये उमलिंग ला हा 19,024 फुटांवरचा रस्ता जगातला सर्वांत उंच ठरला आणि 2025मध्ये सीमा रस्ते संघटनेने मिग ला इथे 19,400 फुटांवर रस्ता नेला. दर चार वर्षांनी अस्सलपणाची पातळी अशी वर सरकते आणि कालचे अस्सल आज नुसते पर्यटक होतात. हा रस्ता बांधायला तिथे महिनोन्‌महिने जे राहिले, ज्यांनी त्या हवेत खडी फोडली, त्यांच्यापैकी कोणाला उंचीचं प्रमाणपत्र मिळाल्याचं ऐकिवात नाही.

यावर रायडर म्हणेल की उंचीचं सोडा, रस्ता बघा. रस्ता खडतर आहे हे खरंच. पण त्याच रस्त्याने हिमाचल परिवहनची साधी बस दिल्लीहून लेहला जाते, हजार किलोमीटरच्या आसपासचा तो प्रवास तिकीट काढून करता येतो, आणि बसमध्ये मांडीवर बोचकं घेऊन बसलेल्या आजीबाई कोणत्याही खिंडीत उतरून मूठ उगारत नाहीत. शिवाय पुण्याहून लेहला ‘गेलेल्या’ सगळ्याच गाड्या पुण्याहून चाललेल्या नसतात. बऱ्याचशा पेट्रोलची टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून, रेल्वेच्या पार्सल डब्यातून उत्तरेत जातात आणि मालक दुसऱ्या गाडीने किंवा विमानाने मागाहून जाऊन त्यांना सोडवून घेतो. रजा दहा दिवसांचीच मिळते, त्याला तो तरी काय करणार? माझी त्याला हरकत नाही. पण मग ही कसोटी रजा मंजूर करणाऱ्या मॅनेजरची आहे, आणि पास झाल्याचं श्रेय निम्मं त्याला द्यायला हवं.

तिसरी कसोटी अंतराची. अमेरिकेतली एक संस्था चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे 1,609 किलोमीटर, मोटरसायकल चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते. मुंबई ते दिल्लीहूनही जास्त अंतर एका दिवसात. पुरावा म्हणून पेट्रोलपंपाच्या पावत्या आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. आपल्याकडेही हे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची चिकाटी मी कमी लेखणार नाही. मात्र पावत्या आणि सह्या गोळा करण्यात जी मजा आहे ती आपल्याला सरकारी कचेऱ्यांत आयतीच मिळते, एवढं नोंदवून ठेवतो. अंतराच्या या श्रद्धेला एक जुना दाखला आडवा येतो. जगातला सर्वांत प्रसिद्ध मोटरसायकल प्रवास कोणाचा, असं रायडरला विचारलं तर तो चे गव्हेराचं नाव घेतो. 1952 साली चे आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो 1939 सालच्या पाचशे सीसी नॉर्टनवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघाले, हे खरं. पण ती गाडी वाटभर पडत, धडपडत चिलीपर्यंत पोचली आणि तिथे तिने कायमचा राम म्हटला. पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला हा पुढचा बहुतेक पल्ला त्यांनी मिळेल त्या ट्रकमधून, बोटीतून आणि एका तराफ्यावरून पार केला. म्हणजे जगभरच्या रायडरांचा आदिपुरुष प्रवासाचा बराच मोठा भाग लिफ्ट मागत होता. या एका गोष्टीचा त्याच्या भक्तांवर परिणाम झाला असता तर हायवेवर अंगठा दाखवून उभ्या असलेल्या माणसासाठी एखादी तरी भारी गाडी थांबली असती.

आवाजाच्या कसोटीवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ती तुम्हाला ऐकू येतेच. गाडीबरोबर आलेला सायलेन्सर काढून इंदुरी किंवा पंजाबी सायलेन्सर बसवणं आणि वाहतूक पोलिसांनी तो जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडणं, हे चक्र आता आपल्या नागरी जीवनाचा भाग झालं आहे. आवाज मोठा असला की लोकांना गाडी कळते आणि अपघात टळतो, असा एक युक्तिवाद या बाजूने केला जातो. तो खरा असता तर सगळ्यांत सुरक्षित वाहन गणपतीतली डीजेची गाडी ठरली असती. आवाज मागे फेकला जातो आणि धोका बहुधा पुढून येतो, एवढं साधं उत्तर त्याला पुरेसं आहे.

मग गाडी चालवणं म्हणजे नेमकं काय? कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, तो वेगाबद्दल शेवटी बोलेल. सरळ मोकळ्या रस्त्यावर शंभराच्या वेगाने मोटरसायकल जवळजवळ स्वतःच तोल सांभाळते. बसणाऱ्याने फार लुडबुड केली नाही म्हणजे झालं. खरं कसब लागतं ते ताशी पाच किलोमीटरला, पाय न टेकता. वळणाच्या आधी वेग कमी करण्यात, पुढचा ब्रेक किती दाबायचा हे ओल्या रस्त्यावर बोटांना समजण्यात, नजर खड्ड्यावर न खिळवता खड्ड्याच्या बाजूच्या वाटेवर ठेवण्यात, रिक्षा उजवीकडे वळणार हे रिक्षावाल्याच्या आधी ओळखण्यात. आता हे कसब कोणाकडे आहे ते बघा. गावाकडून शहरात दूध घालणारा माणूस घ्या. पूर्वी त्याच्याकडे राजदूत असायची, आता बहुधा स्प्लेंडर असते. दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे कॅन. दूध पाण्याहून जरा जड, म्हणजे ऐंशी लिटरचे ब्याऐंशी किलो. वर कॅनचं वजन धरलं तर ओझं नव्वदीच्या पलीकडे. गाडी स्वतः एकशे दहा-बारा किलोची. भरलेला कॅन तरी परवडला, तो गप्प बसतो. अर्धा झालेला कॅन हा खरा वैरी. ब्रेक मारला की आतलं दूध पुढे धावतं, गाडी थांबली तरी ते थांबत नाही, आणि वळणावर ते गाडीच्या उलट मत देतं. प्रत्येक दारी दोन लिटर कमी होणार, म्हणजे प्रत्येक दारी गाडीचं वजन आणि तोल बदलणार. एका बाजूचा कॅन आधी रिकामा करून चालणार नाही. दोन्हीकडून आळीपाळीने काढत जायला हवं. तीस-चाळीस घरं, शेणाने निसरडा झालेला गावचा रस्ता, पहाटेचा अंधार, आषाढातला पाऊस, आणि सांडलं तर नुकसान स्वतःचं. हा भौतिकशास्त्राचा पेपर तो वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सोडवतो आणि त्याला कोणी रायडर म्हणत नाही.

गोव्यातही असाच एक वर्ग आहे. काळी मोटरसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, आणि चालवणाऱ्याला सगळा गोवा पायलट म्हणतो. अ‍ॅपवाल्या बाइक टॅक्सी मुंबई-पुण्यात कायद्याशी झटापट करू लागल्या त्याच्या कितीतरी आधीपासून हे पायलट अनोळखी माणसाला मागे बसवून, त्याच्या मांडीवर त्याची बॅग देऊन, फेरीबोटीत गाडी चढवून-उतरवून आपलं पोट भरत आहेत. मागचा माणूस रोज नवा, त्याचं वजन नवं, वळणावर उलटीकडे झुकायची त्याची खोड नवी. नोव्हेंबरात बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा गोव्यात भरतो, देशभरातले हजारो अस्सल रायडर तिथे जमतात, आणि संध्याकाळी ज्यांची स्वतःची गाडी चालवण्याजोगी अवस्था उरत नाही त्यांना मुक्कामी पोचवायला पिवळ्या मडगार्डची गाडीच बरी पडते. या पायलटाला मेळाव्यात मंचावर बोलावल्याचं मात्र वाचलेलं नाही.

आणि ती पत्नीची स्कूटर. रायडर तिला गाडी समजत नाही. गिअर नाहीत, चाकं लहान, मांड्यांमध्ये टाकी नाही. चाकं लहान असल्यामुळेच प्रत्येक खड्डा तिला मोठा असतो, हे तो विसरतो. त्या स्कूटरवर पुढे एक मूल उभं, मागे एक मूल झोपेत पेंगणारं, हुकला डबे आणि दप्तर, पायाशी पाच किलो गव्हाचं पीठ, अशी ती बाई शाळेची घंटा, स्वतःचं ऑफिस आणि चौकातला सिग्नल यांचा मेळ घालत रोज जाते. मूल अचानक डावीकडे वाकून कुत्रं दाखवतं आणि ती एका हाताने त्याला आत ओढून दुसऱ्या हाताने गाडी सरळ ठेवते. हे कसब शिकवणारा कॅम्प कुठेही निघत नाही. ओढणी वाऱ्यावर उडत असेल तर शेजारून जाणारे ओरडून सांगतात, एवढीच काय ती तिची मार्गदर्शक मंडळी.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. दूधवाला, पायलट आणि ही बाई पोटासाठी किंवा गरजेसाठी गाडी चालवतात. त्यांना पर्याय मिळाला तर ते उद्या सोडून देतील. रायडर मात्र प्रेमापोटी चालवतो. ज्याचं प्रेम तो खरा, असं नको का म्हणायला? प्रेमाचा मुद्दा मला मान्य आहे, पण प्रेम तपासायचं कसं? रॉबर्ट पिर्सिगच्या 1974 सालच्या प्रसिद्ध पुस्तकात हाच वाद आहे. पिर्सिग स्वतः 305 सीसीची मध्यम होंडा चालवत होता आणि तिचा प्रत्येक स्क्रू त्याला ठाऊक होता. त्याचा सोबती महागड्या बीएमडब्ल्यूवर होता आणि तिच्या पोटात काय आहे हे कळून घ्यायचीच त्याला इच्छा नव्हती. आपल्या रायडरचं प्रेम बहुतांशी या दुसऱ्या जातीचं. तो गाडी पुसतो, तिचे फोटो काढतो, तिला नाव ठेवतो. क्लचची वायर तुटली की टोइंगवाल्याला फोन करतो. दूधवाल्याने गाडीला नाव ठेवलेलं नसतं, पण सीटखाली जादा वायर, प्लग आणि पान्हा असतो, आणि चेन सैल झाली हे त्याला तळपायाला कळतं. हिरो होंडाने 1985 साली सीडी-100 आणली तेव्हा जाहिरातीत सांगितलं होतं की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. देशातल्या गरजवंतांनी तीच गाडी उचलली, पण विसरायचा सल्ला तेवढा पाळला नाही. शिवाय गरज आणि प्रेम ही एकमेकांची वैरी असतात हे कोणी ठरवलं? पखवाजवाला बिदागी घेतो म्हणून त्याचं तालावर प्रेम नाही असं आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तिथे मी रायडरच्या बाजूने उभा आहे. तुमचा तो दूधवाला हेल्मेट घालतो का? नाही घालत. रायडर घालतो, हेल्मेट, जॅकेट, ढोपर-कोपराची ढाल, घोट्यापर्यंतचे बूट, सगळं घालतो, भर मे महिन्यात घामाने निथळत घालतो. याबद्दल त्याला हसणाऱ्यांनी आकडे बघावेत. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली, त्यांतले 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे, आणि 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. यांतले 14 हजारांहून अधिक मागे बसलेले. मोटार वाहन कायद्याचं 129वं कलम 1988पासून हेल्मेट घाला म्हणतंय. पुण्यात 1 जानेवारी 2019पासून पोलिसांनी ते मनावर घेतलं तेव्हा शहराने त्याविरुद्ध मोर्चा काढला. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, शहरात वेग असतोच कुठे, आणि मुळात आमचं डोकं आमचं आहे, अशी मुद्देसूद मांडणी झाली. डोकं वाचवण्याच्या विरोधात इतकं डोकं अन्यत्र कुठे चाललं नसेल. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स हा त्या काळातल्या सर्वांत वेगवान मोटरसायकलींचा, ब्रफ सुपीरिअरचा, वेडा होता. मे 1935मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो उघड्या डोक्याने पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्झ नावाचा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. तो हा मृत्यू विसरला नाही. मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्याने अभ्यास केला, 1941 साली तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढलं. वाळवंटातून वाचलेला वीर घराजवळच्या रस्त्यावर गेला, ही गोष्ट टिळक रोडवरून ‘इथल्या इथेच’ जाणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

म्हणून हेल्मेटचा पूर्ण गुण रायडरला. फक्त एक उपप्रश्न उरतो. हाच रायडर संध्याकाळी कोपऱ्यावर इस्त्रीचे कपडे आणायला त्याच गाडीवरून निघतो तेव्हा ते अठरा हजारांचं हेल्मेट कुठे असतं? कपाटात, मखमली पिशवीत. ओरखडा पडू नये म्हणून. म्हणजे ताम्हिणी घाटात त्याचं डोकं जपण्यासारखं आणि कर्वे रोडवर हेल्मेट जपण्यासारखं. सुरक्षिततेची ही जाण राइडला लागू आहे, गाडी चालवण्याला नाही, आणि तिथे तो दूधवाल्याच्याच रांगेत येऊन उभा राहतो. दूधवाल्याची बाजू घेताना मी ही गोष्ट लपवणार नाही की त्याचं कसब मोठं असलं तरी उघड्या डोक्याला डांबराने कधी कसबाची सवलत दिलेली नाही.

शेवटचा आक्षेप सौम्य आहे. माणूस आठवडाभर पडद्यासमोर बसतो, रविवारी काही तास त्याला कोणीतरी वेगळं व्हावंसं वाटतं, तर त्याला होऊ द्या ना! जरूर होऊ द्या. मी त्याची गाडी काढून घेत नाही, मिसळही नाही. त्याने फक्त ‘अस्सल’ ही पदवी स्वतःच स्वतःला देऊ नये. परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असला की निकाल काय लागतो हे शिक्षणक्षेत्रात आपण पाहिलंच आहे. परीक्षक दुसरा हवा, आणि दुचाकीवर असा माणूस आयता मिळतो, तो म्हणजे मागे बसलेला. आरशात काय दिसलं, ब्रेक किती दचकून लागला, वळणावर पोटात गोळा आला की नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. तेव्हा ज्यांना पदवी हवीच असेल त्यांनी एक पावसाळाभर, सोमवार ते शनिवार, आपल्याच गाडीने कामावर जावं-यावं. पट्टा लावलेली दोन हेल्मेट असावीत आणि मागे घरातलं कोणीतरी बसलेलं असावं, शक्यतो सासूबाई. सुरुवात जूनमध्ये करावी आणि सप्टेंबरअखेर त्यांच्याकडून निकाल लेखी घ्यावा.